मालकाचं बोट

नोकरीत मी किती अर्ज वरवर चाळून बाजूला टाकले, ते आता सांगता येणार नाही. एक अर्ज मात्र निवृत्त झाल्यावरही मला सोडत नाही. तो मुलुंड पूर्वेच्या एका बाईंचा होता, आणि मी तो अर्धाच वाचला होता.

सकाळची हजेरी उरकली की आमच्या पोलीस ठाण्यात अर्जदारांची रांग लागायची. पार्किंगची भांडणं, वरच्या मजल्यावरून होणारी गळती, हरवलेले मोबाईल. या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. साडी चापूनचोपून नेसलेली, अर्ज चार पानांचा, अक्षर स्वच्छ. ठाणे अंमलदाराने त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण त्याला त्या आवरत नव्हत्या.

"मी नसताना माझ्या घरात कोणीतरी येतं," त्या म्हणाल्या.

"काय गेलं काकू?"

"गेलं काहीच नाही."

"मग?"

"पंखा पाचवर असतो, मी दोनवर ठेवते. बाथरूमची लादी ओली असते. सोफ्यावरची चादर ताठ केलेली असते. साहेब, मला माझं घर कळत नाही का?"

पोलिसाचं डोकं एका ठरावीक वाटेने चालतं. काही गेलं नाही म्हणजे गुन्हा नाही. बाई एकटी राहते, म्हणजे बोलायला कोणी हवंय. मी अर्जाची पहिली दोन पानं पाहिली. त्यांत दाराला बसवलेल्या बोटाच्या लॉकबद्दल आणि ते विकणाऱ्या कंपनीबद्दल नुसता संताप होता. कस्टमर केअर फोन उचलत नाही, उचलला तर ऐकत नाही, माणूस पाठवत नाही. ती दोन पानं मी उलटली आणि तिसऱ्यापासून वाचायला घेतलं.

त्यांचा मुलगा बंगळुरूला नोकरीला. मी त्याला फोन लावला. तो वैतागलेला होता, पण बोलायला सभ्य होता.

"सर, ते लॉक मीच बसवून घेतलंय. दार उघडलं की माझ्या मोबाईलवर येतं. आई म्हणते मी अकरा ते साडेबारा ज्येष्ठ नागरिक संघात होते, आणि लॉक सांगतं की सव्वाअकराला मालकाने दार उघडलं. मालक म्हणजे आईच. ती मध्येच घरी येते आणि विसरते. डॉक्टरांना दाखवलंय. पुण्याजवळ एक चांगलं केंद्र आहे, तिथे तिची सोय केलीय. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी न्यायला येतोय."

त्याने यादीचे फोटो पाठवले. प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द, 'मालक'. संघात हजेरीच्या वहीवर सही असते, असं बाई म्हणत होत्या. मुलगा म्हणाला, सही करून मध्येच उठली असेल, आणि मी मान डोलावली. संघ ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर होता. मी गेलो नाही. अर्जावर शेरा मारला: अर्जदार वयस्कर, विस्मरणाचा त्रास, दखलपात्र काही नाही.

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी बाई पुन्हा आल्या. आवाज चढवला नाही, बाकावर बसून राहिल्या. मी बाहेर पडताना उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, शनिवारी मुलगा न्यायला येतोय. त्याच्या आत एकदा घर बघून जा. तुम्हालाही वाटलं की मी वेडी आहे, तर मी गुपचूप जाईन. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. परवापासून मी गॅस पेटवला नाही. बंद करायला विसरले तर?"

मी गेलो ते दया आली म्हणून नव्हे. अर्ज निकाली काढायला घटनास्थळी भेट दिल्याची नोंद लागते, म्हणून तसाच त्यांच्याबरोबर गेलो. तिसरा मजला, जुनी सोसायटी, दारावर ते काळं चकचकीत लॉक. बाईंनी चष्मा लावला आणि सहा आकडी नंबर एकेक करून दाबला.

"बोट का लावत नाही?" मी सहज विचारलं.

"लागतच नाही ना! रेशनला लागत नाही, बँकेत लागत नाही, इथे कुठलं लागायला? चाळीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. तव्यावरची पोळी हातानेच उलटायची सवय. बोटांवर राहिलंय काय?"

"म्हणजे या लॉकला तुमचं बोट कधीच लागलं नाही?"

"पहिल्या दिवसापासून नाही. कंपनीला दहा वेळा सांगितलं. ते म्हणतात, बोट पुसून लावा."

मी त्यांना बोट लावायला सांगितलं. लाल दिवा. पुसून लावलं, लाल. दुसऱ्या हाताचं लावलं, अंगठे लावले, सगळे लाल. मी तिथूनच मुलाला फोन केला आणि म्हटलं, सव्वाअकराची ती नोंद उघडा, आत काय लिहिलंय बघा. त्याला बराच वेळ लागला. त्या यादीत नोंदीच्या आत जाता येतं, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं.

"सर, बोटाचं चिन्ह आहे."

"आणि आत्ताची नोंद?"

"आकड्यांचं चिन्ह."

"आता मागची सगळी बघा."

आई संघात असतानाच्या वेळेतली प्रत्येक नोंद बोटाची निघाली, बाकीच्या सगळ्या आकड्यांच्या. मला स्वतःचाच राग आला. ठाण्यात परतून मी तो अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. पहिल्याच पानावर होतं: 'सदर लॉक माझे बोट कधीही स्वीकारत नाही, तरी कंपनी दाद देत नाही.' कंपनीवरच्या रागाची म्हणून मी उलटलेली दोन पानं म्हणजेच पुरावा होता. डॉक्टरने, मुलाने, मी, कोणीच बाईंचं ते म्हणणं मनावर घेतलं नव्हतं.

मग ते बोट कोणाचं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली.

"सर, आपण प्रॉडक्टचे ओनर आहात का?"

"मी पोलीस अधिकारी बोलतोय."

"सर, ओनरच्या रजिस्टर्ड नंबरवरून कॉल करा."

"तुमच्या लॉकमध्ये परक्या माणसाचं बोट आहे."

"सर, आमचं लॉक चुकत नाही. युजरने सेटिंग बदललं असेल. आणखी काही मदत?"

फोन ठेवल्यावर मेसेज आला, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. अंधेरीच्या त्यांच्या कार्यालयात माणूस पाठवला, तर उत्तर मिळालं की माहिती परदेशातल्या सर्व्हरवर आहे, लेखी मागणी करा, कळवू. शनिवार तीन दिवसांवर होता.

त्याच दुपारी सोसायटीच्या वॉचमनला गाठलं. तो मालवणकडचा, साठीचा. अनोळखी कोणी येतं का, विचारलं, तर त्याने ठाम नाही म्हटलं. नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. वॉचमनला अनोळखी माणसाबद्दल विचारून उपयोग नसतो. ओळखीचं कोण येतं, ते विचारावं.

"तो लॉकवालो येता मा," तो म्हणाला. "मंगळवारी नायतर गुरवारी. कंपनीचो टी-शर्ट असता."

"वहीत नोंद?"

"कंपनीच्या माणसाची कसली नोंद, साहेब?"

मंगळवार आणि गुरुवार हे बाईंचे संघाचे वार. गुरुवारी सकाळी साडेदहालाच मी, एक हवालदार आणि एक महिला शिपाई त्यांच्या घरात जाऊन बसलो. बाईंना सांगितलं, रोजच्यासारख्या जा, मागे वळून बघू नका. त्या गेल्या. आम्ही आतल्या खोलीत, दार किलकिलं ठेवून, फोन बंद करून बसलो.

अकरा वाजून वीस मिनिटांनी लॉकचा बारीक आवाज आला. एक तिशीचा माणूस आत आला. त्याने बूट काढून कोपऱ्यात नीट ठेवले, हेल्मेट टीपॉयवर ठेवलं, पंखा पाचवर केला, बाथरूममध्ये जाऊन हातपाय धुतले आणि सोफ्यावर मांडी घालून डबा उघडला. पस्तीस वर्षांत मी पुष्कळ चोर पाहिले, पण परक्याच्या घरात असा निवांत जेवायला बसलेला पाहिला नव्हता. त्याने दोन घास खाल्ल्यावर आम्ही बाहेर आलो.

ठाण्यात आणल्यावर तो रडायला लागला. त्यानेच ते लॉक बसवलं होतं, साकीनाक्याच्या एका ठेकेदाराकडून कंपनीचं काम घेऊन.

"साहेब, बाईंचं बोट घेतच नव्हतं. बोट लागल्याशिवाय कॉल क्लोज होत नाही, काम झालं असं कंपनी धरत नाही. उशीर झाला की रेटिंगची वाट लागते. म्हणून मालकाच्या जागी माझं लावलं. नंतर काढायचं राहिलं. आम्हाला दिवसभर बसायला जागा नाही, संडासाला जागा नाही. इथे फक्त डबा खायचो. एक चमचासुद्धा उचलला नाही. पाया पडतो."

खरं सांगतो, मला त्याचं पटत आलं होतं. बूट काढून बसणाऱ्या माणसाबद्दल वाईट विचार करणं जड जातं. पण तो फार सविस्तर बोलत होता, न विचारलेलंही सांगत होता, आणि तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. पंचांसमक्ष त्याचा मोबाईल ताब्यात घेतला होता. महिला शिपाई तो तपासत होती. तिने तो मुकाट्याने माझ्यापुढे धरला. टिपणांत सात पत्ते होते. घाटकोपर, अकरा ते दोन कोणी नाही. बोरिवली, सून कामावर, सासू दुपारी झोपते. जो फक्त पंख्याखाली डबा खायला जातो, तो कोणाची सासू कधी झोपते ते लिहून ठेवत नाही.

"बोरिवलीत काय केलंस?"

त्याचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्याने पाणी मागितलं.

बोरिवलीच्या त्या घरातून सासूच्या बांगड्या गेल्या होत्या. तिथलं लॉकही त्यानेच बसवलेलं, आणि यादीत घरचीच माणसं दिसत होती, म्हणून सगळ्यांनी सुनेवर संशय घेतला, आणि ती माहेरी निघून गेली होती. पोलीस कोठडीच्या दुसऱ्या दिवशी त्याने बांगड्या कुठे विकल्या ते सांगितलं. मुलुंडच्या घरातून काही का नेलं नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कपाट बघितलं होतं. काकूंचं सोनं बँकेत असावं." इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला त्याच्या आधीच्या अश्रूंचीही किळस आली. ते अश्रू पूर्ण खोटे होते का, हे मात्र मला आजही ठरवता येत नाही. कंपनीने नंतर लेखी कळवलं की तो आमचा कर्मचारी नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, तो फक्त कामापुरता यायचा.

संशय हा पोलिसाचा धंदाच आहे, आणि मी तो आयुष्यभर माणसांवर घेतला. यंत्रावर घ्यावा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. यादीत 'मालक' लिहिलंय म्हटल्यावर समोर बसलेली मालकीण मला खोटी वाटली. कंपनीच्या नावाने बोटं मोडणारा माणूस दिसला की आपण त्याला रिकामटेकडा समजतो. त्यानंतर माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक अर्जातली ती कटकटीची पानं मी आधी वाचली.

पण बाईंचं काम अजून झालं नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्या ठाण्यात आल्या. मुलाला सगळं कळलं होतं, तो फोनवर रडलाही होता. आणि तरी म्हणत होता, आई, बघितलंस ना, एकटीने राहणं किती धोक्याचं आहे, मी उद्या न्यायला येतोच.

"आधी वेडी म्हणून न्यायचं होतं, आता शहाणी आहे तरी न्यायचंच," त्या म्हणाल्या. "साहेब, मला कागदावर लिहून द्या."

"गुन्ह्याची प्रत तुम्हाला दिलीय काकू."

"त्यात त्या मेल्याबद्दल आहे. माझ्याबद्दल काय आहे?"

असा कोणताही नमुना आमच्याकडे नव्हता. मी रायटरला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला बोलावलं आणि त्यांच्या अर्जाला रीतसर उत्तर तयार करून घेतलं. 'आपण दिलेल्या अर्जातील संपूर्ण मजकूर चौकशीअंती खरा असल्याचे निष्पन्न झाले आहे. यापूर्वी आपल्या अर्जावर मारलेला शेरा चुकीचा होता.' खाली माझी सही, शिक्का, जावक क्रमांक. बाईंनी ते वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"'वृद्ध अर्जदार' कशाला? वय लिहा हवं तर. वृद्ध काढा."

रायटरने नवीन प्रत काढली. त्यांनी तिथेच बसून मुलाला फोन लावला आणि पत्र वाचायला सुरुवात केली. ठाण्याचं नाव, जावक क्रमांक, विषय, संदर्भ, काही म्हणता काही गाळलं नाही. अर्जावरचा शेरा चुकीचा होता, हे वाक्य जरा सावकाश वाचलं. माझी सही आणि हुद्दा वाचून झाल्यावर त्या थांबल्या.

"ऐकलंस ना? का पुन्हा वाचू?" त्या म्हणाल्या.

शनिवारी मुलगा आला. दोन दिवस राहिला, दाराला साधं कुलूप लावून घेतलं आणि एकटाच परत गेला.