गाडीला झोप लागेपर्यंत

हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनवर माझी गाडी चार्ज होत होती. शेजारच्या गाडीला मात्र फास्ट चार्जर लावला, की पडद्यावर कसला तरी एरर कोड यायचा आणि चार्जिंग बंद पडायचं. गाडीवाल्या काकांनी हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, गाडी लॉक करून थोडा वेळ लांब जाऊन बसा. गाडी झोपली की कोड बहुतेक आपोआप जाईल."

गाडी झोपते? मी कान टवकारले.

काका लांब गेले खरे, पण त्यांना राहवेना. झोपली का, हे बघायला सारखे यायचे, आणि त्यांच्या खिशातल्या किल्लीची चाहूल लागताच गाडीचे दिवे लागायचे. शेवटी काकू उठल्या. "आणा ती किल्ली इकडे," म्हणत त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि काकांना चहाला घेऊन गेल्या.

मी त्या मिटल्या गाडीकडे बघत बसले. हिचं आत नेमकं काय बिनसलं असेल? आणि कुणी विचारायला आलं नाही, की ते निवळतं कसं?

चहा पिऊन दोघं आले. चार्जर लावला, चार्जिंग सुरू झालं.

"पण झालं काय होतं हिला?" काका म्हणाले.

"आता परत विचारू नका!"

सकाळी लेक माझ्यावर चिडून खोलीत जाऊन बसली होती. तेव्हापासून मी तिला 'राग गेला का?' असं विचारत होते. आताही तोच मेसेज टाइप करून ठेवला होता. तो पुसला, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चहा प्यायला गेले.