मागचं फाटक

वत्सलाबाई साळवे आमच्या चर्चमध्ये पुढच्या दाराने कधीच आल्या नाहीत. पुढे मोठा रस्ता, दगडी कमान आणि हल्ली लावलेला ‘वारसा वास्तू’ असा चकचकीत फलक. बाई यायच्या त्या मागच्या लोखंडी फाटकाने, गल्लीतून, चार घरी चौकशी करत. त्यामुळे पहिलं गीत संपता संपता पोचायच्या. पाळकसाहेबांनी एकदा सुचवलं की घरून जरा लवकर निघत जा. बाई म्हणाल्या, “लवकरच निघते हो. वाटेत माणसं लागतात, त्याला काय करू?”

नगरपालिकेच्या शाळेत त्यांची हयात गेली होती, म्हणून साऱ्या गल्लीच्या त्या ‘बाई’. चर्चच्या रविवारच्या शाळेत मीही त्यांच्या हाताखालून गेलो. एरवी मला ‘अरे सतीश’ म्हणायच्या. मी चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी झाल्यावर मात्र, रागावल्या की ‘सेक्रेटरीसाहेब’ आणि ‘आपण’ सुरू व्हायचं. तो ‘आपण’ ऐकला की माझे कान गरम होत.

मागच्या फाटकाची किल्ली बाईंच्या कमरेला असे, आणि हॉलमधले सागवानी बाक त्यांच्या ताब्यात. गल्लीत कुणाकडे लग्न असो की मयत, चर्चचे चार बाक त्या दारात जायचे. घर हिंदूचं की मुसलमानाचं हे बाईंनी कधी विचारलं नाही. विचारायच्या एवढंच, की उचलायला माणसं किती आहेत. “नेताना चार, आणतानाही चार. दोघांनी ओढत आणलात तर पुढल्या वेळी उभे राहा,” हा त्यांचा नियम. बाक परत आला की ओल्या फडक्याने पुसून मगच आत घ्यायच्या.

गल्लीच्या तोंडाशी रशीदचाचांचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे. आमच्या गीतांच्या फाटक्या पुस्तकांना त्यांनीच कितीदा नवे पुठ्ठे चढवलेत. त्यांची बायको गेली तेव्हा ते निरोप धाडण्याच्याही अवस्थेत नव्हते. बाईंनी चर्चच्या आवारातून रडणं ऐकलं, रस्त्यावरची चार माणसं हाताशी धरली आणि कुणी मागायच्या आत बाक दारात नेऊन ठेवले. चाचा ती गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना हातातलं काम बाजूला ठेवतात.

आमच्या सभासदांपैकी आता पेठेत राहणारे बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे हडपसरला, वडगावशेरीला, हिंजवडीच्या बाजूला. रविवारी मोटारीने येतात, उपासना करतात, गाडी कुणी अडवली म्हणून भांडतात आणि जातात. कमिटीच्या सभेत ख्रिस्तापेक्षा पार्किंगचं नाव जास्त वेळा निघतं, हे मी सेक्रेटरी म्हणून सांगतो. अशाच एका सभेत ठरलं की मागच्या आवारात गाड्या लावायच्या, म्हणून फाटकाला नवं कुलूप घालायचं. बाक आता जुन्या ठेव्यात मोडतात, तेव्हा त्यांच्यावर पितळी नंबर ठोकायचे आणि ते बाहेर द्यायचे नाहीत. ठराव मीच लिहिला. ‘किल्ली फक्त अध्यक्षांकडे राहील’ यातला ‘फक्त’ मी स्वतःच्या मनाने घातला, वाक्य भक्कम दिसावं म्हणून.

बाई दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या. जुनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सेक्रेटरीसाहेब, आपण रविवारचं चर्च ठेवलंत. सोमवार ते शनिवार काय ठेवलंत?” मी म्हणालो, पुढच्या सभेत विषय घेऊ. “लिहा, लिहा,” म्हणाल्या, “आपलं सगळं लिहिण्यातच होतं.” त्यानंतर गल्लीतून मोठ्या रस्त्याला वळसा घालून चर्चला येणं त्यांच्या गुडघ्यांना जमलं नाही. पण एकदाही कुणाच्या गाडीतून पुढच्या दाराने आल्या नाहीत. हट्टी बाई! मला त्यांचा रागही यायचा.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा पुन्हा ‘अरे सतीश’ झालं होतं. म्हणाल्या, “मला न्याल तेव्हा मागच्या फाटकाने न्या. गल्लीतून. दुसरं काही मागत नाही.” मी शब्द दिला.

त्या गेल्या एका बुधवारी. दवाखान्यातून पेटी थेट चर्चमध्ये आणली. उपासनेला आम्ही पंधरा-वीस जण होतो, कामाच्या दिवशी हडपसरहून कोण येणार? आणि मागे फाटकाबाहेर अख्खी गल्ली उभी होती. चर्चचे बाक मिळणार नाहीत हे माहीत असल्याने लोकांनी घरच्या खुर्च्या आणून ओळीने मांडल्या होत्या. अध्यक्षांना सकाळीच कळवलं होतं. ते किल्ली घेऊन हिंजवडीहून निघाले होते आणि वाकडच्या पुलाखाली अडकले होते. दर फोनला म्हणायचे, पोचतोच आहे.

आम्ही पेटी फाटकापर्यंत नेली आणि सतरा नंबरच्या बाकावर टेकवली. रशीदचाचा दुकानातला हातोडा घेऊन आले. “साहेब, एक घाव पुरे,” म्हणाले. मी म्हणालो, “चाचा, ठराव झालाय. कुलूप तोडता येणार नाही.” बाईंच्या पेटीला हात लावून उभा होतो आणि हे बोललो. चाचांनी हातोडा खाली ठेवला, गजांतून हात घातला आणि पेटीवर ठेवला. मग एकामागून एक बायका पुढे आल्या. ज्यांचा हात पोचत नव्हता त्या गजालाच हात लावून मागे सरत होत्या.

तासभर वाट पाहिली. दफनभूमीतली वेळ टळत होती. शेवटी आम्ही पेटी उचलली आणि बाईंना पुढच्या दाराने नेलं.

पुढच्या सभेत मी फाटक उघडण्याचा विषय मांडला. आधी पार्किंग झालं, मग रंगकाम झालं, माझी पाळी आली तोवर दोघं उठले होते. ‘विषय पुढील सभेत घ्यावा,’ असं मी इतिवृत्तात लिहिलं. त्यानंतर चार सभा झाल्या. चारही इतिवृत्तांत तेच वाक्य आहे, माझ्याच अक्षरात. मी मागच्या आवारात दिसलो की रशीदचाचा गजांपलीकडून विचारतात, काय झालं सभेत? म्हणून हल्ली मी मागे जातच नाही. पुढच्या दाराने येतो आणि पुढच्या दाराने जातो.