मागची फळी

पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. माझ्या छोट्या ॲल्युमिनियमच्या होडीला मागे इंजिन अडकवायची लाकडी फळी होती. ती कुजली, म्हणून मिरकरवाड्यातला एक सुतार गाठला. हा गृहस्थ रंध्यापेक्षा जीभच जास्त चालवायचा.

"अस्सल सागवान आहे वो, तुमच्या नातवाला पुरेल," नव्या फळीवर रंगाचा जाड हात मारत तो म्हणाला.

दोन महिन्यांत भर खाडीत फळी फुटली आणि इंजिन तळाशी गेलं. वल्ही मारत मी कसाबसा काठाला लागलो. फुटका तुकडा त्याच्यापुढे धरला. रंगाखाली आंब्याचं लाकूड! त्याने ते नखाने खरवडलं, हुंगलं आणि उलट मलाच समजावलं, "फळीत काय खोट नाय. पाणीच खारट लागलं वो तिला."

समुद्राला टेकून दुकान थाटलेल्या माणसाला ही बातमी त्या दिवशी कळली होती.