बेल्याला, चार रेषांसाठी

पैनगंगेचा पूल ओलांडला की रस्त्याकडेच्या पाट्या तेलुगू होतात. माणसं मात्र पुढेही बराच वेळ मराठीच राहतात. नागपूरहून निघालो तेव्हा मांडीवर संत्रा बर्फीचा डबा होता आणि पिशवीत प्रमिलावरच्या पुस्तकाची कच्ची छपाई. प्रमिला आणि मी कलाशाळेत एका वर्गात होतो. आम्ही बाकीचे कुंचले धूत होतो, तेव्हा ती संगणकाला सूचना लिहून चौकोन काढून घेऊ लागली. आपल्याकडे हे करणाऱ्या अगदी पहिल्यांतली ती. आज तिची चित्रं परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. माझी माझ्या जिन्यात आहेत.

आदिलाबादला उतरून प्रमिलाच्या गावाची, बेल्याची ऑटो धरली. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. शेजारच्या बाईनं वांग्यांची टोपली बिनदिक्कत माझ्या बर्फीवर ठेवली.

“कोनाकडं जाऊन राह्यले, काका?”

“प्रमिलाबाईंकडे. चित्रं काढतात त्या.”

“कंपूटरवाली आत्या म्हना ना. तिच्या घरी गोरे लोक येतेत. तुमी बी काढता का चित्रं?”

“काढतो.”

“मंग तुमच्या घरी कोन येते?”

ऑटोवाला हसला. मी बर्फीचा डबा टोपलीखालून ओढून घेतला.

प्रमिलाचं घर बाजाराच्या मागे आहे. वडिलांचं किराणा दुकान होतं, त्याच्या गोदामात आता तिची कामाची खोली आहे. भिंतीवर एकात एक बसवलेले चौकोन, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित वळलेला. पाहता पाहता सगळी भिंत हळूच फिरल्यासारखी वाटते. मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो की यात या बाईचं स्वतःचं काय, बटण दाबलं की झालं. तिथं उभा होतो तेव्हा दुसरंच खुपत होतं. हे मला का सुचलं नाही?

“दिगंबर, उभा काऊन? बस. आदी जेव.”

ताटात ज्वारीची भाकरी, पुंटिकूरा (अंबाडीची भाजी) आणि ठेचा. चेपलेली बर्फी तिनं बोटानं सारखी केली आणि खाल्ली.

जेवण झाल्यावर मी कच्ची छपाई काढली. ‘एक आठवण लिहा’ म्हणून प्रकाशकानं ती मला धाडली होती. तिच्या त्या पहिल्या मोठ्या चित्राचं पान उघडलं. ते काढणारं यंत्र एक ऑपरेटर चालवत होता. मध्येच यंत्राच्या पेनातली शाई कोपऱ्यात सुकली आणि चार रेषा अर्ध्यावर तुटल्या. प्रमिलानं त्या तशाच ठेवल्या. यंत्र जिथं थांबलं तिथं आपणही थांबायचं, हा तिचा नियम. पुढे प्रदर्शनाच्या निवड समितीला त्या चार रेषा हातानं पुऱ्या केलेल्या दिसल्या आणि चित्र परत आलं. छपाईत लिहिलं होतं: ‘या रेषा ऑपरेटरने न विचारता भरल्या.’

“हे चूक आहे,” मी म्हणालो. “चित्र फ्रेम करायला माझ्याकडे दिलं होतंस. मी भरल्या.”

तिनं छपाई स्वतःकडे ओढली.

“त्या ऑपरेटरनं मले विचारलं होतं, भरून देऊ का म्हून. मी नाई म्हनलं. मंग त्याच्याबिगर दुसरं कोन असंन, असं वाटलं मले. त्याच्याशी बोलनंच सोडलं. तो वारला, तवाबी गेली नाई मी.” मग मान वर करून, “काऊन केलं?”

“यंत्रापेक्षा माझा हात सरळ आहे, हे पाहायचं होतं.”

तिनं कपाटातून मूळ चित्र आणून खिडकीपाशी धरलं. त्या चार रेषा मला शोधाव्या लागल्या नाहीत.

“पाह्य नीट. सुरुवातीले जाड, शेवटी बारीक. हात थरथरला तुझा.”

“थरथरला.”

“आता पुस्तकात खरं छापते. तुझं नाव टाकते. आन् उद्या त्याच्या पोराले फोन करते. तू घरी जाय आता.”

दारापर्यंत ती आली नाही.

परतीची बस पांढरकवड्याला चहासाठी थांबली. मन हलकं व्हायला हवं होतं. ऑपरेटरवरचा डाग निघाला होता, आणि त्याचंच बरं वाटायला हवं होतं. पण मी हिशेब करत होतो तो वेगळाच. माझ्या प्रदर्शनांची पत्रकं कुणी ठेवली नाहीत. हे पुस्तक मात्र ठेवलं जाईल, आणि त्यात माझं नाव असेल. तिच्या चित्राखाली का होईना. राहवेना, म्हणून फोन लावला.

“प्रमिला, नाव पूर्ण छाप. वडिलांच्या नावासकट.”

“छापते ना. आदी त्याचं, यंत्र चालवनारा म्हून. मंग तुझं, चित्र बिघडवनारा म्हून.”

बस सुटली. तोवर फक्त प्रमिलाचा हेवा वाटत होता. नागपूर येईपर्यंत मला त्या मेलेल्या माणसाचाही वाटू लागला.