सड्यावरची कचेरी आणि सदूचा दाखला

साथ ओसरली की माणसे गावात परततात आणि तिचे किस्से मागून एकेक करून येतात. लोककथांच्या अभ्यासात पुढे मला वारंवार दिसले की किस्सा कधी एकटा राहत नाही. एका कचेरीत दोन सांगितले गेले की तिसरा आपणहून येऊन बसतो आणि त्याला कोणाचे तरी नाव चिकटते. विसाच्या दशकात रत्नागिरीत प्लेगची एक साथ आली, तेव्हा मी रस्ते आणि इमारती पाहणाऱ्या एका इंजिनिअरिंग कचेरीत हंगामी कारकून होतो. तिथे त्या हिवाळ्यात जमले तितके किस्से पुढच्या सगळ्या भटकंतीत मला एका जागी सापडले नाहीत.

उंदीर पडू लागले तसे शहर रिकामे झाले. जांभ्या खडकाच्या उघड्या माळावर, म्हणजे सड्यावर, झोपड्या उठल्या आणि आमची कचेरीही टेबल-खुर्च्यांसकट तिकडे गेली.

*

कचेरीचे प्रमुख रावसाहेब हे पुण्याच्या कॉलेजातून बाहेर पडलेले इंजिनिअर. त्यांनी कचेरीच्या झोपडीचा रीतसर प्लॅन काढला, वाऱ्याचा दाब हिशेबात धरला आणि ओव्हरसियर आपट्यांकडून ती बांधून घेतली. पाचव्या दिवशी समुद्राकडून वारा सुटला आणि छप्पर आमच्या अंगावर उतरले. कोणाला लागले नाही. आम्ही फायली गोळा करून शेजारच्या भिकाजी गावकराच्या झोपडीत आसरा घेतला.

आता प्रत्येक खाजगी झोपडीला कचेरीची मंजुरी लागे आणि भिकाजीचा अर्ज आठ दिवस आमच्याच ढिगात पडून होता. रावसाहेब त्याच्या गवती छपराखाली बसून दुसऱ्यांचे अर्ज तपासू लागले. भिकाजीने त्यांच्यासमोर ताकाचा पेला ठेवला आणि फार अदबीने विचारले, "रावसायब, माजी झोपडी पास झाली काय? नाय, तुमी आत बसलाव म्हनून इचारतो."

मंजुरी तिथेच मिळाली. माझ्या माहितीप्रमाणे प्लॅनशिवाय मंजूर झालेली ती एकमेव इमारत.

*

ओव्हरसियर आपट्यांकडे परीक्षेचे एक मोठे सर्टिफिकेट होते, लाल मोहोर लावलेले. त्या वर्षी वरून हुकूम आला की कायम होऊ इच्छिणाऱ्यांनी मूळ सर्टिफिकेट तपासणीला पाठवावे; मात्र साथीच्या गावातले कागद धुरी दिल्याखेरीज टपालात घेतले जाणार नाहीत. आपट्यांनी घरी सांगितले, "याला जरा धुरी द्या." त्यांच्या पत्नी काकू मोठ्या व्यवस्थित बाई. घरात जे टिकवायचे ते चुलीवर टांगायचे, ही त्यांची रीत. त्यांनी सर्टिफिकेट बियाण्याच्या मक्याच्या कणसांशेजारी टांगले आणि आठ दिवसांनी खाली काढले. कागद खाकी झाला होता.

आपट्यांनी डोक्याला हात लावला. काकू शांतपणे म्हणाल्या, "कीड लागायची नाही हो याला आता. तीन पावसाळे बघा."

*

याच सर्टिफिकेटाचा पुढचा भाग नाक्यावर घडला. प्लेगची लस टोचून घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय पोलीस कोणाला शहरात सोडत नसत. आपटे संगमेश्वरच्या रस्त्याचे काम पाहून परतले आणि घाईत खिशातून भलताच, टपालात टाकायला बरोबर घेतलेला कागद काढून पुढे केला. शिपायाला इंग्रजी येत नव्हते. त्याने तो तांबूस, धुराचा वास येणारा हातभर कागद उलगडला, लाल मोहोर पाहिली आणि ओव्हरसियरांकडे करुणेने पाहिले.

"जावा सायब," तो म्हणाला. "एवढा कागद म्हंजे सुई केवढी असंल!"

*

आता सदूकडे येतो, कारण त्या हिवाळ्यात आम्हां सर्वांना खरी काळजी त्याचीच होती.

सदू खाडीकाठचा. आधी वल्हेकरी, आणि नंतर बारा वर्षे कचेरीच्या वाफेच्या लाँचवर इंजिन चालवणारा. काम तो पाहून शिकला होता. कागद त्याच्याकडे नव्हता. नवा नियम असा आला की ठरलेल्या तारखेनंतर दाखला नसलेल्याने इंजिन चालवायचे नाही. दाखला देणारे इंजिनिअर साहेब मुंबईहून वर्षातून एकदा येत. त्या वर्षी ते यायच्या आधी प्लेग आला, साहेबांचा दौरा रद्द झाला आणि तारीख मात्र रद्द झाली नाही. रावसाहेबांनी स्वतःच्या सहीने लाँच बंद ठेवण्याचा हुकूम काढला. तो मीच नेऊन लाँचवर चिकटवला. महिनाअखेर दाखला झाला नाही, तर बाहेरून दाखलेवाला माणूस येणार होता आणि सदूला पुन्हा वल्हे धरावे लागणार होते.

सदूने तक्रार केली नाही. बंद लाँचवर तो रोज येई आणि पितळ घासून जाई. आपटे त्याला परीक्षेसाठी इंजिनाच्या भागांची इंग्रजी नावे शिकवत. चार दिवस ऐकून घेतल्यावर सदू म्हणाला, "आपटेसायब, बारा वर्सं ही माज्या हाकेला ओ देतेय. आता नावं बदलली तर बिथरंल हो."

*

शेवटी रावसाहेबांनी मुंबईला तीन पत्रे लिहिली आणि उत्तर आले. साहेब आगबोटीने वेंगुर्ल्याकडे जाणार होते. रत्नागिरीसमोर बोट अर्धा तास थांबे. साथीच्या बंदरात पाय ठेवला तर परतताना अडकून पडावे लागेल, म्हणून साहेब उतरणार नव्हते. उमेदवाराला लाँचसकट शिडीखाली आणावे. कोरा दाखला ते सोबत आणत होते.

रावसाहेब हरखले. "लाँच तयार ठेव," त्यांनी सदूला सांगितले. "आगबोट बाराला येते. साडेअकराला निघू."

सदू म्हणाला, "साडेनवाला निघू." कारण विचारले तर म्हणाला, "पानी फिरतंय तवा."

परीक्षेच्या भीतीने माणूस आधी जाऊन बसतो, असे समजून रावसाहेबांनी मान्य केले. फायली सांभाळायला मी होतो. खलाशाने बॉयलर पेटवला, धुराड्यातून धूर निघू लागला, आणि सदू इंजिनाजवळ न जाता सुकाणू धरून बसला. लाँच भाट्याच्या खाडीतून इतकी सावकाश निघाली की काठावरची कोंबडी आमच्या पुढे गेली. रावसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिले आणि तिसऱ्यांदा विचारले, "अरे, इंजिन केव्हा सुरू करणार?"

"पोचतो हो रावसायब. साह्यबाची बोट अजून दिसत पन नाय."

आगबोट आली तेव्हा आम्ही वल्ह्याचे चार हात मारून शिडीला लागलो. साहेब कठड्यावर वाकले. प्रश्न वरून इंग्रजीत येत आणि रावसाहेब ते मराठीत खाली पोचवत. बॉयलरमधले पाणी काचेत दिसेनासे झाले तर आधी काय करशील? सदू म्हणाला, "आदी जाळ वढून काडीन. मंग देवाला हात जोडीन." रावसाहेबांनी फक्त पूर्वार्ध वर पोचवला. साहेबांनी मान हलवली. आणखी पाच-सहा प्रश्न झाले. मान प्रत्येक वेळी हलली.

मग साहेबांची नजर आमच्या धुराड्याकडे गेली, आणि तिथून माझ्याच हाताने चिकटवलेल्या हुकुमाकडे. त्यांनी सावकाश विचारले, "दाखला नसलेल्याने इंजिन चालवायचे नाही. मग ही लाँच इथवर कोणी चालवत आणली?"

रावसाहेबांचा चेहरा उतरला. स्वतःच्या सहीचा हुकूम त्यांना आत्ता आठवला होता, आणि त्या धक्क्यात वाटेत आपण सदूला काय विचारत होतो ते ते विसरले. सदूचे नाव घ्यावे तर नियम मोडल्याबद्दल दाखला जाणार. दुसऱ्याचे घ्यावे तर दुसरा होता कोण? त्यांनी प्रश्न तसाच मराठीत सांगितला.

सदू उभा राहिला. "कोनीच नाय सायब. ओहोटीनं आनली. पानी तापवलंय, पन चाक फिरलेलं नाय. हात लावून बगा."

साहेबांनी विचारले, मग परत कसा जाणार?

"भरती लागंल दुपार कलल्यावर. तवर तुमच्या आगबोटीलाच बांदून ऱ्हातो."

वर कप्तानाने निघण्याचा भोंगा दिला. सदूने आमचा दोर शिडीला आणखी एक वेढा घातला आणि खाली बसला.

सही केलेला कागद टोपलीतून त्याच्या मांडीवर उतरेपर्यंत त्याने इंजिनाकडे वळूनसुद्धा पाहिले नाही.