बागेतल्या संडासाची किल्ली

गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेवर बाग व्हायची होती. नकाशा माझ्या गळ्यात पडला, कारण मी आर्किटेक्ट आणि फुकटात मिळणारा. सगळ्यांचं ऐकायचं म्हणून मी हट्टानं घरकामाच्या बायकांनाही बैठकीला बोलावलं. आमच्याकडं धुणीभांडी करणाऱ्या मावशी मागं उभ्याच राहिल्या, खुर्च्या रिकाम्या असूनही. विचारल्यावर म्हणाल्या, "बाकडी नाय टाकली तरी चालंल. बायांसाठी संडास बांधा. आठला घर सोडते, चारपर्यंत पाच घरं. जावं कुठं? मी तर पाणीच पीत नाय."

टाळ्या पडल्या. मी नकाशात रस्त्याच्या बाजूनं दार ठेवून संडास काढला. उद्घाटनाला मावशींना पुढं उभं करून फोटो घेतला आणि तो 'सर्वांची बाग' म्हणून ग्रुपवर फिरला.

आठवड्यात त्या दाराला कुलूप लागलं. "कोणीही येतं, घाण करतं," अध्यक्ष म्हणाले. कोण, ते त्यांना सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग घराघरात एकेक किल्ली वाटली, म्हणजे ज्यांच्याकडं दोन-दोन संडास आहेत त्यांनाच. त्या डोलणाऱ्या माना आठवल्या की मला अजून किळस येते.

मी ग्रुपवर दोन मेसेज टाकले, अध्यक्षांशी वाद घातला आणि घरी येऊन बायकोपुढं तणतणत राहिलो. काय नीच माणसं आहेत ही, वगैरे. मावशी तेव्हा आमचा संडास घासत होत्या. मी खुंटीवरची किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली. "मावशी, ही तुमच्याकडंच ठेवा."

त्यांनी पदराला हात पुसले, पण किल्ली घेतली नाही. "नको काका. कुणी बघितलं तर चोरली म्हणतील. अन् घरातलं चालत नाय, म्हणून तर बाहेरचं मागितलं होतं."

बायको ओट्याकडं वळली. आमच्या घरात हा नियम कुणी केला, मला आठवेना. त्यावर कधी बोलणंच झालं नव्हतं, पण सात वर्षं आम्ही तो बिनचूक पाळला होता. मावशींनी बादलीभर पाणी ओतलं, फरशी कोरडी केली, दार ओढून घेतलं आणि चपला घालायला लागल्या.

इथंच जात जा, एवढंच म्हणायचं होतं. मी किल्ली परत खुंटीला अडकवली.