बॅटरी किती तास?

मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. स्क्रीन मोठा हवा, मेमरी जास्त हवी, असं बजावत मी भाव पाडत होतो. दुकानदार एक रुपया सोडेना. त्याचा राग अजून गेलेला नाही. मुलगी मात्र एकच विचारत होती, बॅटरी किती चालते.

"घरात प्लग काय कमी आहेत?" मी खेकसलो.

"जिन्यात नाहीत ना, बाबा. तुमची फोनवर घासाघीस सुरू झाली की मी तिथेच जाऊन अभ्यास करते."

मी हबकलो. फरशीचा धंदा मी याच आवाजावर उभा केला. तो फक्त समोरच्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचतो, असं इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"सहा तास," दुकानदार म्हणाला.

"याहून जास्त चालणारा नाही का?" तिने विचारलं.